धीर दिला

यावलच्या दवाखान्यात नऊ नंबरची खोली,
एक्स-रेच्या शेजारी.
दारावर पाटी आहे: समुपदेशन.
लोक डोकावून विचारतात, चष्म्याचा नंबर इथंच काढतात का?

रजिस्टरला सात रकाने.
सातवा: काय केलं.
जानेवारीत मी चार-चार ओळी लिहायचे,
समासात, आडव्या, कधी पान उलटून मागे.
मार्चपासून एकच: धीर दिला.
एप्रिलात त्याचाही कंटाळा आला,
मग खाली नुसत्या दोन बारीक रेघा,
खाली परत दोन,
पानभर मुंग्या चालल्यासारख्या जोडीजोडीनं.

घरी मुलगी शाळेतलं काही सांगायची,
मी म्हणायचे, हं, मग तुला काय वाटलं?
एकदा ती ताटावरून उठली.
आई, मी पेशंट नाहीये.

गुरुवारी भुसावळ.
कोकिळा फेगडे मॅडम, रेल्वे क्वार्टरमागची गल्ली.
कागदावर या भेटीला सुपरव्हिजन म्हणतात.
एसटीचा पत्रा हाताला चटके देत होता,
बाहेर केळीच्या बागा,
घडाच्या वजनानं कललेल्या झाडांना बांबूचे टेकू.
मी मनात वाक्य जुळवत गेले,
आपलंही असंच असतं मॅडम, वगैरे.

त्या म्हणाल्या, केळी राहू दे. रजिस्टर आण.

बोट सातव्या रकान्यावरून खाली उतरत गेलं,
मुंग्यांवरून, सावकाश.
"इतला धीर कुठून आनते वं?"

मला वाटलं चिडल्या.
वर पाहिलं तर त्या खरंच विचारत होत्या.

कूलर घरघरत होता.
मी काहीतरी बोलले, मलाच ऐकू आलं नाही.
त्या उठल्या आणि कूलर बंद केला.
मे महिना, भुसावळ, दुपारचे अडीच.
कूलर बंद.
दोघी घामानं निथळत बसलो
आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

मग सांगितलं.
फेब्रुवारीतली ती बाई.
हसून गेली होती, पुढची तारीख हातावर पेनानं लिहून.
त्या तारखेला तिचा दीर आला,
कागद पाहिजे होता, पोलिसांत द्यायला.
मी कागद दिला.
शिक्का मारला.
पुढच्याला आत बोलावलं.

"नाव?"

नाव सांगितलं.
तिच्यानंतर पहिल्यांदाच ते तोंडातून निघालं.
तुझी चूक नव्हती, असं त्या म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, माझे तिघं आहेत,
आणि तीन नावं घेतली,
शेजारच्या घरातली माणसं असावीत तशी.
त्यातल्या एकाला मुळ्याची भाजी चालायची नाही.

मग गुळाचं पाणी आलं.
मग कामाचं बोलणं:
दिवसाला बावीस नाही, बारा.
पत्र मी लिहिते, सही तू कर.
दुपारी अर्धा तास दार आतून लावायचं,
कोणी ठोकलं तर ठोकू दे.
आणि गुरुवारी यायचं,
सांगण्यासारखं काही नसलं
तर तेव्हा नक्की यायचं.

परतीच्या गाडीत मी रडले वगैरे नाही.
फैजपूर येईपर्यंत झोपले,
शेजारच्या म्हातारीच्या पिशवीवर डोकं ठेवून.
पिशवीत वांगी होती बहुतेक.

शुक्रवारी सांगवीचा तो मुलगा आला.
वय वीस, चौथी खेप.
तीन खेपा तो फरशीकडे बघत होता, मी घड्याळाकडे,
आणि ते त्याला कळत होतं.
मी घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.
उठले, कूलर बंद केला.
बसले.

एक्स-रेवाल्याचा आवाज भिंतीतून:
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
आम्ही दोघंही नकळत तेच करत होतो.

बराच वेळ गेला.
त्याच्या कानशिलावरून घाम हनुवटीपर्यंत आला, तिथं थांबला.
त्यानं मान वर केली.

मॅडम, कूलर लावा ना. जीव जाईल इथं.

मी हसले. तोही, जरासा.

सातव्या रकान्यात त्या दिवशी लिहिलं आहे:
कूलर लावा म्हणाला.
लावला.